नववी ओळ

“तठला नावेसना दगड शे ना, तो मन्हा अब्बानी कोरेल शे,” आफशीननं नावाड्याला सांगितलं आणि बोटीतल्या सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं.

सगळे म्हणजे तरी कोण? माझी बायको गुलशन, जिचं हे पंचवीसदा ऐकून झालं होतं. इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून बसलेला नावाडी खात्या. आणि पुढच्या टोकाला मांडीवर टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी. मी अंगातल्या केशरी लाइफ जॅकेटचा पट्टा उगाच ओढल्यासारखा केला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. शहाद्यात आता माझ्याकडे कोणी मान वळवून बघत नाही.

बासी ईद होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी डबे भरून कुठंतरी फिरायला जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. दरवर्षी आम्ही उनपदेवला नाहीतर प्रकाशाला तापीकाठी जायचो. यंदा आफशीननं मोबाइलवर उंबरपाणी बेटाचे व्हिडिओ दाखवले आणि आई-मुलीनं मिळून ठरवून टाकलं. नर्मदेचं पाणी चढलं तेव्हा उंबरपाणी गाव खाली गेलं, डोंगराचं टोक तेवढं वर राहिलं. त्या टोकावर पुढे झाडं लावली, पायवाटा काढल्या, बाकडी टाकली आणि त्याचं वनउद्यान झालं. सगळ्यात वर एक स्मारक आहे. सात वर्षांपूर्वी वैशाखातल्या वाऱ्यात इथं एक बोट उलटली होती, त्यात गेलेल्या माणसांच्या नावांचा दगड. तो दगड माझ्या हातचा.

गुलशननं तो फक्त आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गोणपाटावर आडवा पडलेला पाहिला होता. उभा झाल्यावर तीही गेली नव्हती आणि मीही. म्हसावदहून धडगावचा घाट चढताना जीपमध्ये ती मला म्हणाली होती, “जिंदगी में एक पत्थर तो ऐसा बनाया तुमने, के लोग टिकट निकाल के देखने जाते.” मी खिडकीबाहेर बघत हसलो होतो.

आता ती टोकावरची म्हातारी उठली आणि टोपली कडेवर घेऊन वाकत वाकत माझ्याकडे यायला लागली.

“बठी ऱ्हा आजी, बोट हालस,” खात्या ओरडला.

तिनं ऐकलं नाही. माझ्यासमोर फळीवर बसली, माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि पालथा-उताणा करून बघितला. डोंगरातली बाई, घरात पावरी बोलणारी, पण आमच्याशी बाजारातली अहिराणी बोलत होती.

“तूच कोरं का भाऊ ते?”

“हो आजी.”

“हाऊच हात का?”

“हाऊच.”

“पारुबाई शे,” खात्यानं मागून सांगितलं. “रमिलानी माय. दर म्हैनाले येस. मी पैसा लेत नही तिना.”

रमिलाबाई. आठवी ओळ. माझ्या हातून कोरलेली अक्षरं मी विसरत नाही. त्यातल्या ‘मि’वर मी एक अख्खी दुपार घातली होती, कारण यादीत ‘मी’ दीर्घ होता आणि तो ऱ्हस्व करायचा की नाही हे ठरत नव्हतं. मी आदबीनं मान खाली घातली.

“मन्ही पोर शे तठे,” पारुबाई म्हणाली. “आनि पोरनी पोर बी. वर रमिला, तिना खाले नात. बठासना खाले, शेवटली ओळ. माले वाचता येत नही, पन मोजता येस. नऊ जण गयात. दगडवर बी नऊ शेतस.”

तिनं माझा हात सोडला नव्हता. मला मात्र तो काढून घ्यावासा वाटला. कारण नवव्या ओळीत काय आहे ते बोटीत फक्त मला माहीत होतं. नवव्या ओळीत ‘अनीस आर्ट्स, शहादा’ असं लिहिलेलं आहे.

ते कसं झालं ते सांगतो. सांगताना जीभ अडखळते, तरी सांगतो.

मी पेंटर. माझे वडीलही पेंटर. शहाद्यात कापड दुकानापासून रसवंतीपर्यंत अर्ध्या पाट्या आमच्या घरच्या होत्या. माझं अक्षर बघून शाळामास्तर थांबायचे. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मी एवढा काटेकोर, की गिऱ्हाईकानं चुकीचं लिहून आणलं तरी मी बरोबरच रंगवायचो, आणि त्यावरून भांडणं व्हायची. मग फ्लेक्स आलं. एका रात्रीत छापून मिळायला लागलं तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं कोणाला काय पडलंय? ब्रश ठेवला आणि छिन्नी धरली. भूमिपूजनाच्या, उद्घाटनाच्या कोनशिला कोरायला लागलो. त्या कामात नावांचीच मारामारी. याचं नाव वर का, त्याचं अक्षर मोठं का. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची नावं कोरत आलो आणि एकाही दगडावर कोपऱ्यात बारीकसुद्धा माझं नाव कोणी टाकू दिलं नाही. एका पुढाऱ्याच्या माणसानं तर टाकलेलं नाव माझ्याकडूनच घासून घेतलं होतं.

आणि मग हा दगड आला. यावर कोणाही मोठ्या माणसाचं नाव नव्हतं. वर ‘स्मरणार्थ’ आणि खाली साध्या माणसांची यादी, एका कार्यालयातून आलेली, टाइप केलेली. मी दगडावर खडूनं नऊ ओळी आखल्या. आठ नावं नीट होती. नववी नोंद अशी होती : ‘सदर महिलेचे अपत्य (स्त्री), वय सव्वा महिना, नाव नाही.’

मी फोन करून विचारलं. पलीकडचा बाबू घाईत होता. “नाव नाही तर काय कोरणार तुम्ही? ‘सदर अपत्य’ लिहिणार का?” तो म्हणाला. “सोडून द्या. नाहीतर तुमचं तुम्ही बघा.”

तुमचं तुम्ही बघा. मी माझंच बघितलं.

‘रमिलाबाईचं बाळ’ असं लिहिता आलं असतं. दोन शब्द. आणि ते मला आत्ता सुचतंय असं समजू नका. तेव्हाच सुचलं होतं, फोन ठेवल्या ठेवल्या. पण आखलेली ओळ रिकामी दिसत होती, आणि मनात आलं, इथं हरकत घ्यायला कोण येणार आहे? मेलेली माणसं तर भांडत नाहीत. आठ नावं ज्या मापात कोरली त्याच मापात, तेवढ्याच खोल, मी माझ्या दुकानाचं नाव कोरलं. वर पांढरा रंगही त्याच हातानं भरला. त्या संध्याकाळी चहा पिताना मी त्या ओळीकडे बघून खूश होतो. मी आमच्या कब्रस्तानातल्या कत्ब्यांवर, म्हणजे कबरींच्या दगडांवरही अक्षरं कोरतो, पण तिथं कधी स्वतःचं नाव घातलं नाही. ती बेअदबी होते, हे मला न सांगता कळतं. मग हा दगड काय होता? तोही कत्बाच होता. फक्त आपला नव्हता, म्हणून मला तो कोनशिलेसारखा वाटला.

बोट काठाला लागली. होळी होऊन गेली होती, पाणी उतरलेलं होतं, त्यामुळे चिखलातून फळीवरून चढायचं होतं. पारुबाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तिला वर घेतलं. आता चोरालाच पाहुणचार करावा तसं तिचं माझ्याशी वागणं चाललं होतं. मोहाच्या झाडाखाली गुलशननं डबा उघडला आणि स्टीलच्या कपात शीरखुर्मा घालून तिला दिला. म्हातारीनं निम्मा प्यायला आणि कप पदरानं झाकून टोपलीत ठेवला.

“पूरा पीओ ना माँजी, और है,” गुलशन म्हणाली.

“नातले ठेवं,” पारुबाई म्हणाली. “गोड शे.”

गुलशनला ते कळलं नसावं. तिनं दुसरा कप भरून माझ्या हातात दिला. मी तो तसाच खाली ठेवला.

तिथून वर जायला दोन वाटा आहेत. एक सरळ, पायऱ्यांची, आणि एक बेटाला वळसा घालून सागातून, बांबूतून जाणारी. आफशीन पायऱ्यांनी धावत पुढे गेली, तिच्यामागे धापा टाकत गुलशन. मी म्हातारीला म्हणालो, पायऱ्या उंच आहेत, आपण लांबच्या वाटेनं जाऊ. माझ्या मनात तिच्या गुडघ्यांची काळजी नव्हती. वर पोचायला जेवढा उशीर होईल तेवढा मला हवा होता. ती मात्र म्हणाली, “भला मानूस शे तू.”

वाटेवर झाडांना पत्र्याच्या पाट्या ठोकलेल्या होत्या. ‘औषधि वनस्पती’ मधला ‘धि’ ऱ्हस्व. ‘कृपया फुले तोडु नये’ मधला ‘डु’ ऱ्हस्व. जित्याची खोड, एरवी मी प्रत्येक पाटीपाशी थांबून शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी पाट्यांनी मलाच शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. कोणीतरी चुकीचं का होईना, प्रत्येक झाडाचं नाव लिहिलं होतं. अंजन, साग, धावडा, काकड. एकही झाड सोडलेलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर पारुबाई बाकड्यावर टेकली. खाली पाणी दिसत होतं. पाण्याकडे बघतच ती म्हणाली, “एक इचारू का भाऊ?”

“इचारा ना आजी.”

“तिले त नाव नव्हतं. मंग तू काय लिखं?”

मी वाकून चपलेतला खडा काढायला लागलो.

“नाव ठेवासाठीच त ई ऱ्हायनी व्हती रमिला मन्हाकडे. सव्वा म्हैनानी व्हती पोर. मी घर सारवी ठेल व्हतं. सात वरीस इचार करस मी. कोरनारानी काहीतरी ठेवेल व्हई. नावशिवाय कोनी कोरस का? तूच ठेवं व्हई तिनं नाव.”

ही बाई सात वर्षं समजत होती की कुठल्याशा गावातल्या, कधी न पाहिलेल्या कारागिरानं तिच्या नातीचं बारसं केलंय.

“आजी, कोनले वाचाले काब्र नही सांगं तुमी?” मी विचारलं. “खात्याले थोडं येत व्हई.”

“लाज वाटे,” ती म्हणाली. “नातनं नाव आजीले माहीत नही, असं कोनले सांगू?”

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज कोणाची आणि वागवतंय कोण! मी उठलो आणि दोन पावलं पुढे जाऊन सागाच्या बुंध्यावरची साल नखानं काढत उभा राहिलो.

तेव्हाच माझ्या डोक्यात ते आलं. नाव तर तिला हवंय. एक नाव सांगून टाकायचं. सांगितलं तर कोणाचं काय बिघडतं? तिला वाचता येत नाही. खात्या वर येत नाही. एखादं चांगलं नाव, त्यांच्यात शोभेलसं. ती ते नाव घेऊन घरी जाईल, दर महिन्याला येऊन त्या नावानं हाक मारेल, सुखानं डोळे मिटेल. मी पुण्यच करतोय असं मला वाटायला लागलं. तीन-चार नावं मी मनात घोळवली आणि त्यातलं एक नक्कीही केलं. ते इथं लिहीत नाही. सुटका व्हावी म्हणून शोधलेलं नाव, त्यावर त्या पोरीचा हक्क नाही.

“चला आजी,” मी म्हणालो. माझा आवाज एकदम मोकळा झाला होता.

वर पोचलो तेव्हा आफशीन कठड्यापाशी पाण्याचे फोटो काढत होती. दगडासमोर गुलशन एकटीच उभी होती. ती उर्दू शाळेत शिकलेली, मराठी अडखळत वाचते. एकेका अक्षराखालून बोट फिरवत ती वरून खाली येत होती. दगड चांगला बसवलेला होता, पायाला दोन हात उंच चौथरा, मागे दोन बांबूची बेटं. अक्षरं सात पावसाळे खाऊनही जशीच्या तशी होती. वरच्या सात नावांवर थोडी धूळ होती. आठव्यावर शेंदूर होता. आणि नवव्या ओळीवर तर शेंदराचे थरावर थर चढले होते. तेलानं ती जागा काळपट चकचकीत झाली होती. ‘अनीस’ मधला ‘अ’ आत बुडून गेला होता. पाहुण्यांनी नको तिथं नारळ फोडावा तसं नव्हतं हे. कोणीतरी फार मायेनं, अंगठ्यानं, एकेक अक्षर भरत गेलं होतं. माझ्या दुकानाच्या नावाला इतक्या प्रेमानं कधी कोणी हात लावला नव्हता.

गुलशनचं बोट शेवटच्या ओळीशी आलं. ‘आर्ट्स’ तिनं ओठांनी जुळवलं, ‘शहादा’ जुळवलं. मग ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला काही उमगत नव्हतं. आपल्या नवऱ्याच्या नावाला शेंदूर का, हे ती मला डोळ्यांनी विचारत होती.

पारुबाई चौथऱ्यावर बसली. टोपलीतून शेंदराची डबी काढली, तेलाची बाटली काढली, अर्धा कप शीरखुर्मा काढून शेवटच्या ओळीखाली ठेवला. मग पदर डोक्यावर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं.

“वाच आते,” ती म्हणाली.

नक्की केलेलं नाव माझ्या जिभेवर होतं. गुलशन माझ्याकडे बघत होती. तिला आता उमगायला लागलं होतं. मोहाखालचा तो झाकून ठेवलेला कप आणि दगडाखाली ठेवलेला हा कप तिनं जोडला असावा. ती काहीच बोलली नाही. बोलली असती, “क्या हुआ” म्हणाली असती, तरी मी काहीतरी बोलून निभावलं असतं. पण ती नुसती थांबली, मी काय वाचतो ते ऐकायला. चोवीस वर्षांच्या संसारात ती अशी कधी थांबली नव्हती.

“आजी,” मी म्हणालो, “ती आठे नही.”

“काय?”

“नात नही आठे. यादीमा तिले नाव नव्हतं, म्हनीसन मी... मी लिखंच नही तिले. हाई मन्हं नाव शे. मन्हा दुकाननं.”

आफशीन कधी मागे येऊन उभी राहिली होती ते मला कळलं नव्हतं. तिनं फोटोसाठी वर धरलेला मोबाइल खाली घेतला.

पारुबाई दगडाकडे बघत राहिली. तिला माझं बोलणं कळलं की नाही, कळेना. मग तिनं अगदी सरळ विचारलं, “तुन्हं नाव काब्र? तू बी बोटमा व्हता का?”

“नही.”

“तुन्हं कोनी व्हतं?”

“कोनीच नही आजी.”

मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडावं, दगड उचलून मारावा, असंच मला वाटत होतं. शिव्या खाल्ल्या की माणूस थोडा हलका होतो. मी दोन्ही हात जोडून उभा होतो आणि ते हात मला स्वतःलाच नाटकी वाटत होते, पण खाली सोडायचं धाडसही होत नव्हतं.

ती ओरडली नाही. तिनं माझ्याकडे वर बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम भीती आली.

“तू त जिता शे,” ती म्हणाली.

मग तिनं घाईघाईनं पदराचं टोक तेलात बुडवलं आणि ती नववी ओळ पुसायला लागली. वाळलेला शेंदूर निघत नव्हता. ती नखानं खरवडत होती, परत तेल लावत होती, परत घासत होती.

“आजी, ऱ्हाऊ द्या,” मी म्हणालो. “काब्र पुसतस?”

“जिता मानूसले असं लावतस नही भाऊ. मरेल मानूसले लावतस.” तिचा हात थांबत नव्हता. “सात वरीस लावं मी. माले काय माहीत? तुले काही व्हयनं त नही ना? घरमा बठा बरा शेतस ना? पोरगी बरी शे ना तुन्ही?”

माझी पोरगी तिच्यासमोर धडधाकट उभी होती. तिच्या नातीला मी दगडावरून पुसलं होतं आणि ती माझ्या पोरीची खुशाली विचारत होती. उभ्या आयुष्यात मला एवढी लाज वाटलेली नाही. तोंड लपवायला एवढ्या झाडांत जागा दिसेना.

गुलशन पुढे झाली. तिनं ईदची नवी ओढणी गळ्यातून काढली, त्यावर पाण्याची बाटली उपडी केली आणि म्हातारीशेजारी बसून तीही पुसायला लागली. ओढणी लाल झाली. हळूहळू ‘अ’ निघाला, ‘नी’ निघाला. माझी सुबक, सारख्या मापाची अक्षरं एकेक करून वर यायला लागली. ती वर येताना बघणं मला सहन होत नव्हतं, पण मान फिरवायचा हक्क मला राहिला नव्हता. मी बघत राहिलो.

सगळं निघाल्यावर पारुबाईनं सुटकेचा श्वास सोडला. माझ्यासाठी.

“मी उद्या येस आजी,” मी म्हणालो. “छिन्नी लिसन येस. मन्हं नाव काढी टाकस, तठे तिनं लिखस. परवानगी-बिरवानगीनं मी देखस.”

“काय लिखशी?”

“तुमी जे नाव सांगशात ते.”

ती हसल्यासारखी झाली. लहान मुलानं काहीतरी वेडगळ विचारावं, तशी.

“नाव त पोरनं तोंड देखीसन ठेवतस,” ती म्हणाली. “मी देखंच नही तिनं तोंड. रमिला भेटनी, पोर पानीमाईन निंघनीच नही.”

आफशीन रडत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघते आहे की नाही, हे जाणून घ्यायचीही माझी हिंमत नव्हती. खाली खात्यानं दोनदा इंजिनाचा आवाज केला, म्हणजे निघायची वेळ झाली होती.

पारुबाईनं कप उचलला आणि चौथऱ्याच्या कडेनं शीरखुर्मा मातीत ओतला, थेंब थेंब, घाई न करता. मग डबी उघडली. अंगठा शेंदरात बुडवून आधी आठव्या ओळीवर लावला, रमिलाच्या नावावर. माझ्या ओळीपाशी तिचा हात थांबला. तिनं पदर सावरून ती ओळ ओलांडली, झोपलेल्या माणसाला न उठवता ओलांडावं तशी, आणि तिच्या खाली, कोऱ्या दगडावर, अंगठा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

तिथं काही लिहिलेलं नव्हतं. खाली मोकळं राहिलं की अक्षरं उठून दिसतात, म्हणून मी तळाशी चार बोटं जागा सोडली होती. एक ओळ सहज बसली असती.